सगळ्यांना बोलावणारा अल्बम: रॉजर ग्लोव्हरचा 'द बटरफ्लाय बॉल अँड द ग्रासहॉपर्स फीस्ट'

एप्रिलमधली गोष्ट. किंग्ज डेच्या, म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाच्या, आदल्या संध्याकाळी आम्ही उट्रेख्तमध्ये फिरत होतो. इथे नेदरलँड्समध्ये त्या दिवशी कुणीही उठतं आणि रस्त्यावर चादर टाकून घरातलं जुनंपानं विकायला बसतं, शाळेतली पोरं आपली खेळणी विकतात, आणि उट्रेख्तमध्ये तर २६ तारखेला संध्याकाळपासूनच सगळं सुरू होतं. माझी सात वर्षांची लेक एका चादरीपाशी थांबली ती उठायलाच तयार नाही. समोर एक एलपी होती आणि तिच्या कव्हरवर नटूनथटून बसलेले किडे-प्राणी. मी उलटून मागे बघितलं तर नाव रॉजर ग्लोव्हर. आता पुण्यात दादाच्या कॅसेटींवर डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड ऐकत वाढलेल्या माणसाला हे नाव दिसल्यावर तो एलपी परत खाली ठेवूच शकत नाही, चार युरो दिले आणि घेतली. लेकीला वाटलं तिच्यासाठी घेतली, मला वाटलं माझ्यासाठी, आणि तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी ती लागतेच लागते, म्हणून म्हटलं आता यावर नीट लिहूया, कारण मराठीत यावर काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही आणि मुलं असलेल्या रॉकवाल्या घरांत हा अल्बम पोचायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं मागचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय हा अल्बम नुसता गोड-गोड वाटेल आणि तो नुसता गोड नाहीये.

ग्लोव्हर म्हणजे डीप पर्पलचा बास गिटार वाजवणारा. १९६९ ला बँडमध्ये आला, 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड' हे सगळे अल्बम त्याच्या काळातले. 'स्मोक ऑन द वॉटर' या त्यांच्या गाण्याचे हे शब्दसुद्धा त्यालाच सुचलेले, स्वित्झर्लंडमध्ये मॉन्त्रोचा कॅसिनो जळाला त्यानंतर एके दिवशी झोपेतून उठता उठता. तर असा माणूस, बँड जगातल्या सगळ्यात मोठ्या बँड्सपैकी एक झालेला, आणि १९७३ मध्ये त्याला कळतं की गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरला तो नकोय, नवा बास प्लेयर हवाय. जूनमध्ये जपानचा दौरा संपला आणि ग्लोव्हर बाहेर. गायक इयान गिलन पण तेव्हाच सोडून गेला पण त्याने स्वतःहून सोडलं, ग्लोव्हरचं तसं नव्हतं. त्याच्या जागी बासवर आला ग्लेन ह्यूज, गिलनच्या जागी गायला आला डेव्हिड कव्हरडेल, जो तोवर कपड्यांच्या दुकानात काम करत होता, आणि १९७४ मध्ये या नव्या मंडळींनी 'बर्न' हा अल्बम काढला, तोही गाजला.

आता त्याच १९७४ मध्ये हा बाहेर काढलेला माणूस स्वतःचा अल्बम करतोय, विषय काय तर जंगलातल्या एका पार्टीचं आमंत्रण, आणि गायला कोणाकोणाला बोलावतो? ग्लेन ह्यूजला. आणि कव्हरडेलला. म्हणजे ज्याने आपली जागा घेतली त्यालाच आपल्या घरच्या कार्याला पहिल्या पंगतीत बसवलं, कारण अल्बममधलं पहिलं गायलेलं गाणं 'गेट रेडी' हे ह्यूजचंच आहे! मला हे वाचून कळलं तेव्हा मी ते गाणं परत लावलं आणि वेगळंच ऐकू आलं. ह्यूज तिथे अगदी मोकळा गातो, सोल गाणाऱ्यासारखा, उड्या मारत, तयार व्हा चला निघायचंय असा सगळा मूड. कुठेही अवघडलेपण नाही. कुणी कुणाचं काही मनात ठेवलंय असं त्या गाण्यात शोधूनही सापडत नाही.

खरं तर मुलांच्या एका पुस्तकावरून अल्बम करायचं हे काम आधी ग्लोव्हरकडे आलंच नव्हतं. पर्पलच्या कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डला विचारलं होतं, त्याला वेळ नव्हता म्हणून ते ग्लोव्हरकडे आलं. पण मला वाटतं हे काम बरोबर माणसाकडे आलं. त्या वर्षी आमंत्रणाचं मोल त्याच्याइतकं कुणाला कळलं असतं?

बरं, पुस्तकाचं. पुस्तक १९७३ चं, नाव तेच, चित्रं अ‍ॅलन ऑल्ड्रिजची, कविता विल्यम प्लोमरच्या, आणि मागे प्राण्यांची खरी माहिती देणाऱ्या टिपा रिचर्ड फिटर नावाच्या निसर्ग-अभ्यासकाच्या. त्या वर्षीचं व्हिटब्रेड हे ब्रिटनमधलं साहित्याचं बक्षीस मुलांच्या पुस्तकांत यालाच मिळालं. ऑल्ड्रिज म्हणजे ज्याने बीटल्सच्या गाण्यांचं चित्रमय पुस्तक केलं आणि पुढे एल्टन जॉनच्या 'कॅप्टन फँटास्टिक'चं कव्हर केलं तो. त्याची चित्रं मी एलपीनंतर दोन महिन्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक मिळवलं तेव्हा नीट बघितली आणि एकेका पानावर अर्धा-अर्धा तास गेला. चकचकीत गुळगुळीत रंग, एअरब्रशचं काम, आणि प्रत्येक किड्याच्या अंगावर असा पोशाख की बटणंसुद्धा मोजता येतील. गोंडस नाहीत हां हे प्राणी. थोडे विचित्र आहेत, काहींच्या डोळ्यांत जरा भीतीदायक पण चमक आहे, पण माझ्या लेकीला तेच आवडतं, गोंडस ससे तिला कंटाळवाणे वाटतात. प्लोमर हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला कवी, ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या 'ग्लोरियाना' ऑपेराचे शब्द त्याने लिहिलेले, आणि हे पुस्तक आलं त्याच वर्षी तो गेला.

आणि त्याच्याही मागे एक जुनी कविता आहे! विल्यम रॉस्को नावाचा लिव्हरपूलचा माणूस, वकील, बँकवाला, खासदार, त्याने आपल्या छोट्या मुलासाठी, रॉबर्टसाठी, ही कविता लिहिली आणि १८०७ मध्ये ती विल्यम मलरेडीच्या चित्रांसकट छोट्या पुस्तकाच्या रूपात आली. मुलांना काहीतरी शिकवायलाच हवं असं मानणाऱ्या त्या काळात ही कविता काहीही शिकवत नाही, फक्त म्हणते चला, फुलपाखराकडे नाच आहे, नाकतोड्याकडे जेवण आहे. अळंबीचं टेबल, त्यावर पानाचा टेबलक्लॉथ, कोळी दोरीवरची कसरत दाखवतो, गोगलगाय नाचायला येते पण लोक हसल्यावर शंखात जाऊन झोपते, आणि डॉर्माउस, म्हणजे तो झोपाळू छोटा उंदीर, आपल्या आंधळ्या भावाला, मोलला, म्हणजे जमिनीखाली बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याला, सोबत घेऊन येतो. ही ओळ मला फार आवडते. दिसत नाही म्हणून मागे ठेवला नाही त्याला. आणि शेवटी अंधार पडतो तेव्हा काजवा रखवालदारासारखा दिवा घेऊन उभा असतो घरी पोचवायला. हाच रॉस्को त्याच १८०७ साली पार्लमेंटमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मत देऊन आला होता, आणि तेही लिव्हरपूलचा खासदार असताना, जे शहरच त्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. बागकामाचं पण प्रचंड वेड, हिमालयात आल्याच्या कुळातली जांभळी फुलं येतात त्यातल्या एका वंशाला त्याच्यावरून रॉस्कोया नाव आहे. जाता जाता सांगितलं, पण मला ते सांगायचंच होतं.

आता अल्बम.

१९७४ च्या शेवटी पर्पल रेकॉर्ड्सवर आला, म्हणजे ज्या बँडने बाहेर काढलं त्यांच्याच लेबलवर. वीस ट्रॅक. त्यातली चार वाद्यांची, बाकीच्यांत बहुतेक प्रत्येक गाण्याला वेगळा गळा. ग्लोव्हरने स्वतःसाठी मुख्य गाणं एकही ठेवलं नाही! बास, गिटार, पियानो, सिंथेसायझर, कोरस, निर्मिती असं सगळं त्याचं आहे, पण माईकसमोर कायम दुसरं कुणीतरी. कार्यघरातला जो माणूस सगळ्यांना वाढत फिरतो आणि स्वतः शेवटी कधीतरी उभ्या-उभ्या जेवतो ना, तसा. सोबत पियानो-ऑर्गनवर एडी हार्डिन, गिटारवर रे फेनविक, हे दोघे स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये एकत्र होते, ड्रम्सवर लेस बिंक्स जो पुढे जुडास प्रीस्ट या बँडमध्ये गेला.

सुरुवात 'डॉन'ने होते, पहाट. गाणं नाही, नुसतं हळूहळू उजाडणं, सिंथेसायझरचे लांब सूर. पहिल्यांदा लावलं तेव्हा लेक म्हणाली आई हे बिघडलंय का, मी म्हटलं थांब, अजून सूर्य वर आला नाहीये, आणि मग एकदम 'गेट रेडी' सुरू झाल्यावर तिने जी उडी मारली ती अजून दर रविवारी त्याच जागी मारते. हा बदल ग्लोव्हरने फार विचार करून केलाय, कारण डॉन जेवढं संथ आहे तेवढंच ते दुसरं गाणं दाराबाहेर ओढणारं आहे.

'सॅफ्रन डॉर्माउस अँड लिझी बी' दोन बायका गातात, बॅरी सेंट जॉन आणि हेलन चॅपेल. बॅरी नाव वाचून मला पुरुष वाटलेला. ही बॅरी आणि पुढे 'फ्लाय अवे' गाणारी लायझा स्ट्राइक, दोघी त्याच्या आदल्याच वर्षी पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये मागे गायलेल्या! म्हणजे जगभर घराघरांत ज्यांचा आवाज पोचला आणि नाव कुणाला माहीत नाही अशा मागे उभ्या राहणाऱ्या गायिकांना ग्लोव्हरने पुढे आणून पूर्ण गाणं दिलं. 'फ्लाय अवे' हे तर माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात दुर्लक्षित गाणं आहे, हळवं आहे, आणि लायझा त्यात कुठेही जोर लावत नाही, तेवढ्याच आवाजात राहून जे काय करायचं ते करते.

'हार्लेक्विन हेअर' मजेशीर, छोटं. 'ओल्ड ब्लाइंड मोल' त्याहून छोटं, आणि ते आलं की मला रॉस्कोची ती भावाची ओळ आठवतेच. 'मॅजिशियन मॉथ' हा सिंथेसायझरचा तुकडा, पतंगाने जादू करून दाखवली आणि गेला, इतकाच जीव आहे त्याचा पण १९७४ मध्ये हे आवाज काढायला काय काय खटपट करावी लागत असेल ते मनात आलं की कौतुक वाटतं. तेव्हा सिंथेसायझर म्हणजे बटण दाबलं आणि आवाज आला असं नव्हतं, आवाज आधी बनवावा लागायचा.

मधे थोडं सैल पडतं हे प्रामाणिकपणे सांगते. 'नो सोल्यूशन' गाणारा मिकी ली सूल चांगला आहे पण ते गाणं या पार्टीतलं वाटत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी अल्बममधून चुकून आलंय असं वाटतं. 'बिहाइंड द स्माइल'मध्ये कव्हरडेल आहे म्हणून मी जास्त अपेक्षेने ऐकलं आणि तेवढं काही हाती लागलं नाही, त्याचा आवाज या वयातही मखमली आहे पण गाणं त्याला पुरत नाही. आणि मोठा प्रॉब्लेम म्हणजे गोष्ट. ग्लोव्हरने प्लोमरच्या कविता गाण्यांसाठी घेतल्या नाहीत, शब्द नवीन लिहिले, त्यामुळे पुस्तक समोर नसेल तर कोण कुठला प्राणी आणि तो इथे का आलाय हे नुसत्या एलपीवरून कळत नाही. लेक पहिले दोन महिने सतत विचारायची आता कोण गातंय, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. पुस्तक आल्यावर तो प्रश्नच मिटला, आता ती पानं उलटत ऐकते आणि मलाच सांगते. तेव्हा घ्यायचं असेल तर दोन्ही घ्या, हे माझं स्पष्ट मत.

'अरानिया' म्हणजे लॅटिनमध्ये कोळीण, जूडी कूल गाते, नाटकातल्यासारखं, आणि ते ऐकताना माझी लेक उशी घट्ट धरते पण बंद करू देत नाही.

आणि मग 'सिटिंग इन अ ड्रीम'.

या गाण्यावर मी पानभर लिहू शकते. रॉनी जेम्स डिओ गातो. आता डिओ म्हटल्यावर ज्यांना माहीत आहे त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं, ड्रॅगन, तलवारी, १९८० ला ब्लॅक सॅबथबरोबरचा 'हेवन अँड हेल', मग 'होली डायव्हर', आणि ती दोन बोटांची शिंगांची खूण जी तो म्हणायचा की त्याच्या इटालियन आजीकडून आलीय. पण १९७४ मध्ये यातलं काहीच झालेलं नव्हतं. तो एल्फ नावाच्या अमेरिकन बँडचा गायक होता, ज्यांचे अल्बम ग्लोव्हरच प्रोड्यूस करत होता, आणि बाहेर त्याला फार कोणी ओळखत नव्हतं. आणि इथे तो हळू गातो. एकदम हळू, पियानोच्या शेजारी बसून कुणाला तरी सांगावं तसं. त्याच्या आवाजात जी ताकद आहे ती सगळी तो मुठीत धरून ठेवतो, शेवटाकडे जरा सोडतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मी डिओ पंचवीस वर्षं ऐकतेय, दादाने पहिल्यांदा 'होली डायव्हर' लावला तेव्हा मी सातवीत होते, पण या माणसाला असंही गाता येतं हे मला चाळिशीत एका चादरीवरून घेतलेल्या एलपीमुळे कळलं. २०१० मध्ये तो गेला तेव्हा जे लिहिलं गेलं ते सगळं हेवी मेटलबद्दल होतं, बरोबरच आहे, पण कुणीतरी या गाण्याचंही नाव घ्यायला हवं होतं.

त्यानंतर जिमी हेल्म्सचं 'वेटिंग' येतं, तेही छान, रेशमी आवाज, हाच माणूस पुढे १९९० मध्ये लंडनबीट या बँडमधून 'आय हॅव बीन थिंकिंग अबाउट यू'मुळे पुन्हा सगळीकडे पोचला. टोनी अ‍ॅश्टनचं 'टुगेदर अगेन' जुन्या इंग्लिश करमणुकीच्या थिएटरांतल्या गाण्यासारखं, घसा जरा खरखरीत, हसत-हसत गायलेलं. 'ड्रीम्स ऑफ सर बेडिव्हिअर' हे वाद्यांचं, लांब, आणि मुलांचं लक्ष इथे उडतं हे नक्की, आमच्याकडे या वेळी दूध-बिस्किटं होतात. पण मला स्वतःला ते आवडतं, ग्लोव्हरमध्ये बास प्लेयरपलीकडे जो संगीतकार होता तो इथे दिसतो.

'वॉच आउट फॉर द बॅट'मध्ये जॉन गुस्ताफसन, हे खरं रॉक गाणं, वाघूळ आलं पळा, पर्पलची आठवण यावी असा जोर. घरात सगळ्यात जास्त पळापळ या गाण्यावर होते. मग लगेच 'लिटल चॉक ब्लू', जॉन लॉटन, छोट्या निळ्या फुलपाखरावर, आणि आवाज असा की वाटतं भिंती सरकल्या. हा पुढे १९७६ पासून युराया हीप या बँडमध्ये गायला. वाघळानंतर फुलपाखरू ठेवणं, तेही एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाकडून, यात ग्लोव्हरची नजर दिसते. छोटा जीव म्हणून छोटा आवाज असं त्याने केलं नाही.

आणि मग 'लव्ह इज ऑल'.

इथे नेदरलँड्समध्ये हे गाणं १९७५ मध्ये एक नंबरला होतं. मला हे एलपी घेताना अजिबात माहीत नव्हतं. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून लावलं होतं, तर शेजारचे आजोबा, ज्यांच्याशी आमचं तोवर नमस्कार आणि कचऱ्याची गाडी कधी येते एवढंच बोलणं, ते बागेतून जोरात गायला लागले. शब्द न चुकता. मग कुंपणापाशी येऊन त्यांनी सांगितलं की त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांना हे पाठ आहे. गाणं ग्लोव्हर आणि हार्डिन दोघांनी लिहिलेलं, डिओने गायलेलं, आणि चाल अशी की एकदा ऐकली की दुसऱ्या वेळी तुम्ही कोरसमध्ये असता. मी टीकाकार म्हणून यात काही खोट काढायला बसले तरी मला नाही काढता येणार. साधं आहे, खूप साधं, पण साधं आणि पोकळ यात जो फरक आहे तो डिओच्या गाण्यात आहे, तो एकही ओळ नुसती म्हणून टाकत नाही.

याची एक कार्टून फिल्म आहे, हालास अँड बॅचलर या स्टुडिओने केलेली, ज्यांनी १९५४ मध्ये 'अ‍ॅनिमल फार्म' केली होती तेच, दिग्दर्शक ली मिश्किन. गिटार वाजवणारा बेडूक आणि त्याच्या मागे गोळा होत जाणारे सगळे प्राणी. फ्रान्समध्ये टीव्हीवर प्रसारणात बिघाड झाला की मधल्या वेळात हीच लावायचे, ऑस्ट्रेलियातही कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मिनिटांत ही यायची, त्यामुळे तिकडच्या एका अख्ख्या पिढीला अल्बम माहीत नाही पण बेडूक माहीत आहे. आपल्याकडे दूरदर्शनवर 'रुकावट के लिये खेद है'ची पाटी यायची, ती आठवा, आणि तिच्या जागी डिओ गातोय अशी कल्पना करा. माझं बालपण तसं गेलं असतं तर काय बहार आली असती.

पुढचा किस्सा पण सांगायलाच हवा. १६ ऑक्टोबर १९७५ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हे सगळं स्टेजवर झालं, निवेदनाला भयपटांतला व्हिन्सेंट प्राइस, गायला मॉडेल ट्विगीसुद्धा. पण डिओ नव्हता. तोवर त्याला कुणी नेलं होतं? रिची ब्लॅकमोरने, रेनबो या त्याच्या नव्या बँडमध्ये! म्हणजे ग्लोव्हरला ज्याने घराबाहेर काढलं त्यानेच त्याच्या पार्टीतला सगळ्यात मोठा पाहुणाही नेला. आणि मग डिओच्या जागी 'लव्ह इज ऑल' गायला इयान गिलन आला, जो पर्पल सोडल्यापासून स्टेजवर चढलाच नव्हता. ग्लोव्हरच्या जुन्या दोस्ताने येऊन जागा भरली. आणि याच मंडळींपैकी फेनविक, गुस्ताफसन, माइक मोरान यांना घेऊन गिलनचा पुढचा बँड उभा राहिला, पहिल्या अल्बमचा निर्माता परत ग्लोव्हरच. या सगळ्यात ब्लॅकमोरवर चिडायला हवं खरं, पण ग्लोव्हर स्वतः १९७९ मध्ये रेनबोमध्ये ब्लॅकमोरबरोबर वाजवायला गेला, मग आपण कोण चिडणारे.

त्या कार्यक्रमाची पुढे फिल्मही निघाली, स्टेजवरच्या गाण्यांमध्ये प्राण्यांचे पोशाख घातलेली माणसं बागेतून फिरतात अशी. ती मी लेकीला दाखवली आणि अर्ध्यात बंद केली. ऑल्ड्रिजच्या चित्रातला कोळी भीतीदायक असून सुंदर आहे, फिल्ममधला पोशाख घातलेला माणूस नुसताच विचित्र आहे. चित्रातली जादू कापडाने शिवता येत नाही. गिलनसाठी बघायची तर फक्त तेवढाच भाग बघा.

मुलांना हे किती चालेल असं विचाराल तर माझा अनुभव असा की पाच वर्षांच्या पुढे चालेल, पण सलग वीस ट्रॅक एका बैठकीत नको. पाऊण तासाच्या वर आहे हे. आम्ही सुरुवातीला डॉन ते मॉथ एवढंच ऐकायचो, मग बाकीचं दुसऱ्या दिवशी. इंग्रजी कळत नसेल तरी अडत नाही, माझ्या बहिणीचा साडेपाच वर्षांचा मुलगा नाशिकहून आला होता, त्याला एक शब्द कळला नाही पण वाघळाचं गाणं कुठलं हे त्याने न सांगता ओळखलं. आणि मोठ्यांना, खास करून ज्यांना फक्त जड रॉक आवडतं त्यांना माझी विनंती आहे की हा मुलांचा अल्बम आहे म्हणून सोडू नका. ह्यूज, कव्हरडेल, डिओ, लॉटन, गुस्ताफसन एका तबकडीवर, आणि एकही जण दुसऱ्यापेक्षा वर चढायला बघत नाही, हे दुसरीकडे कुठे मिळतं मला सांगा.

आवाजाबद्दल, माझी प्रत जुनी आहे, एका बाजूला बारीक कुरकुर आहे, 'सिटिंग इन अ ड्रीम'च्या सुरुवातीला दोनदा टिक होतं, आता मला त्या टिकशिवाय ते गाणं ऐकवत नाही. सीडीही निघालेल्या आहेत, नुसतं ऐकायचं असेल तर त्या चालतील, पण कव्हरचं चित्र मोठं बघायचं असेल, आणि ते बघायलाच हवं, तर एलपीच घ्या. घेताना आतलं पाकीट तपासा, माझ्यात आधीच्या घरातल्या कुठल्यातरी मुलाने रंगीत पेन्सिलने बेडूक काढून ठेवलेला होता आणि चार युरोत तोही आला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मधल्या सैल पडणाऱ्या दोन-तीन गाण्यांसाठी कापला. लेकीचे पाचपैकी सहा.

आणि एक, लावलात तर 'लव्ह इज ऑल' संपल्यावर उठू नका. सगळे उठतात, कारण तोच शेवट वाटतो, आमच्या शेजारच्या आजोबांनाही पन्नास वर्षांत कळलं नव्हतं कारण त्यांच्याकडे फक्त सिंगल, म्हणजे त्या गाण्याची छोटी तबकडी, होती. त्याच्यानंतर अजून एक गाणं आहे, 'होमवर्ड', डिओचंच, सगळे आपापल्या घरी निघालेत आणि अंधार पडलाय. काजव्याचा दिवा तिथे आहे.